लांबलेला फौजदार

सुकुमार मगदूम साताऱ्याला पोलिसात भरती व्हायला गेला आणि झाला पण पोलीस. फक्त पिक्चरमध्ये.

झालं असं, की भरतीच्या मैदानावर त्याची छाती काही भरेना. एकदा फुगवली, दोनदा फुगवली, डोळे बाहेर यायची पाळी आली, तरी टेपवाला आपली मान हलवतोय. शेवटी बाहेर येऊन झाडाखाली सदरा घालत बसला. तिथंच कोल्हापूरच्या एका पिक्चर कंपनीची माणसं हिंडत होती. त्यांना पोलीस पाहिजे होते. खरे मिळेनात, कारण पिक्चरच पोलिसांच्या लाच खाण्यावर होता आणि वरच्या साहेबानं सांगून टाकलं होतं, आमचा एक माणूस मिळणार नाही.

"उंची बरी हाय," त्यातला एकजण म्हणाला.

"छाती?" सुकुमारनं भीतभीतच विचारलं.

"डगल्यात कापूस भरू."

संपलं. घरून निघताना आईला पोलीस होतो म्हणून सांगितलेलं, ते एका परीनं खरं झालं.

साल अठ्ठेचाळीस. स्वराज्य नवं होतं, त्यामुळं इंग्रजांच्या वेळचा फौजदार कसा खात होता हे आता उघड दाखवायला हरकत नव्हती. पिक्चरचं नाव 'फौजदाराचा फास'. गोष्ट म्हटली तर एवढीशीच. एक फौजदार गाव लुबाडतो आणि शेवटी सापडतो. पण तो सापडतच नव्हता! कारण पिक्चरला पैसा घालणारे पुष्कळ होते, आणि ज्यानं पैसा घातला त्याच्या मेव्हण्याला नाही तर मामाला पिक्चरमध्ये काम पाहिजे होतं. मग काय करायचं? फौजदारानं त्यालाही एकदा लुबाडायचं. म्हणजे फौजदार तेल्याला लुबाडतोय, कासाराला लुबाडतोय, लग्नाचं वऱ्हाड अडवतोय, आणि प्रत्येकजण लुबाडून झाला की एक गाणं म्हणतोय. यवतेश्वराच्या घाटात तर सुकुमारनं चार दिवस एकाच वऱ्हाडाची गाडी अडवली होती. असा तो पिक्चर वाढत वाढत जवळजवळ चार तासांचा झाला.

सुकुमारला त्यात शिपायाचं काम. सुरवातीला तो फौजदाराचा उजवा हात. गोरगरिबाकडनं जे मिळेल ते गोळा करायचं आणि फौजदाराच्या घरी पोचवायचं. मग शेवटच्या रिळात त्याचं मन पालटतं. भर कोर्टात उभा राहून तो फौजदाराचं सगळं बाहेर काढतो. ते काम त्यानं असं केलं होतं की दिवे धरणारी पोरंसुद्धा टाळ्या वाजवत होती. आता ही गोष्ट त्यानंच आपल्या गावी, समडोळीत येऊन सगळ्यांना सांगितली होती, पण खरी होती.

पुढं लग्नाचं निघालं. मिरजेचे जयपाल आप्पा, गुळाचे व्यापारी, त्यांची मुलगी त्रिशला. बघायचा कार्यक्रम झाला. पोरगी खाली मान घालून बसलेली. सुकुमारच्या बानं विचारलं, "शिवाय-टिपाय येतं का?" तर म्हणाली, "येतं, पर आवडत न्हाई." तिच्या आत्यानं कपाळाला हात लावला, आणि सुकुमारला हसू आवरेना. त्यानं हसलेलं तिनं बघितलं आणि ती पण हसली. तिथंच गडी खलास झाला. आठ दिवस शेतात पाटाचं पाणी एकीकडं आणि हा एकीकडं.

तेवढ्यात कुणीतरी मिरजेला जाऊन जयपाल आप्पांच्या कानाला लागलं. पोरगं नाटक्या झालंय म्हणून. आप्पा तडक समडोळीला आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सुकुमार, तू पिक्चरमधी काम केलंस?"

"व्हय आप्पा."

"कसलं?"

"पोलिसाचं."

"चांगला का वाईट?"

सुकुमार अडखळला. "पयल्यांदा वाईट. मग चांगला."

"मी माझ्या डोळ्यांनी बघणार," आप्पा म्हणाले. "सांगलीत लागलाय म्हनं. समद्यांनी मिळून जाऊ. बघून झालं की तितल्या तितं सांगतो, पोरगी द्यायची का न्हाई."

आता बघा, सुकुमारचं सगळं घोडं कुठं अडलं होतं. पिक्चर शेवटपर्यंत बघितला तर तो सत्यवान. मधूनच उठून गेलं तर लाचखाऊ.

पौष महिना होता. रविवारी दुपारी दोनचा खेळ. समडोळीतनं तीन गाड्या जोडल्या, मिरजेची एक परस्पर सांगलीला यायची. पुढची गाडी हाकायला जोतीराम. हा सुकुमारचा जिवलग दोस्त, लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला, आणि कुठंही गेला तरी इटलीची गोष्ट सांगणारा. गाडीत सुकुमारची आई चंदनबाला, तिच्या पायाशी भाकरीच्या दोन दुरड्या, घेवड्याची भाजी, शेंगाची चटणी, दह्याचं मडकं, गुळाची ढेप आणि गाळून घेतलेल्या पाण्याची कळशी. कारण ही सगळी जैन मंडळी. सूर्य मावळला की तोंडात घास घालायचा नाही. आणि अंधारात पण जेवायचं नाही, ताटात काय पडलंय ते दिसलं पाहिजे.

"दोनला सुरू म्हंजी सहाच्या आत सुटतंय," सुकुमार आईला म्हणाला. "बाहेर चिंचंखाली बसून गडबडीनं जेवू."

हिशेब बरोबर होता. फक्त नाथाजी हवालदार त्यात धरला नव्हता.

थेटराचे मालक नानासो दारात उभे होते, सारखे रस्त्याकडं बघत. दोन वाजून गेले. लोक आत बसलेत, शिट्ट्या वाजताहेत, बाकडी आपटताहेत, तरी खेळ सुरू होईना.

"आवं नानासो, कशाची वाट बगताय?" सुकुमारनं बाहेर येऊन विचारलं.

"हवालदार यायचेत."

"मग?"

"मग काय मग? त्यांची मंडळी बसल्याबिगार मी मशीन लावत न्हाई. थेटर चालवायचंय मला."

आले हवालदार. पावणेतीनला. मागं बायको, सासू, मेव्हणी, तिची पोरं, शेजारीण आणि शेजारणीची पोरं. तिकीट कुणाचंच नाही. मधल्या चांगल्या खुर्च्या त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या. नाथाजी हवालदार बसले, पाय लांब केले, मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "हां. लावा."

नानासोंनी सुकुमारचा दंड धरला. तोंड पांढरं पडलेलं. "मला आत्ता आठवलं रं. पिक्चर पोलिसांच्या खान्यावर हाय न्हवं? ह्यो चिडला तर माझं लायसन जातंय."

पण आता काय करणार? पिक्चर सुरू झाला.

पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधी लाकडी कठडा. सुकुमार मुद्दाम जयपाल आप्पांच्या शेजारी बसला. मशीन एकच, त्यामुळं दर रिळाला दिवे लागायचे आणि ऑपरेटर नवीन रीळ चढवायचा. दिवे लागले की सुकुमार पहिल्यांदा आप्पांच्या तोंडाकडं बघायचा, मग कठड्यापलीकडं. त्रिशला आत्याच्या मागनं वाकून बघत असायची. पडद्याकडं नाही.

पहिल्यांदा सुकुमार पडद्यावर आला तेव्हा समडोळीकरांनी थेटर डोक्यावर घेतलं.

"आला, आला! आमचा सुकुमार आला!"

"आरं छाती बघ की गड्या! ही कुनाची छाती म्हनायची?"

पडद्यावरचा सुकुमार एका म्हातारीच्या झोपडीत शिरला आणि बाहेर आला तो काखेत कोंबडी घेऊन. कोंबडी अशी फडफडतीय की पिसं कॅमेऱ्यापर्यंत उडाली. लोक हसून लोळायला लागले. जयपाल आप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी सावकाश मान वळवली.

"कोंबडी?"

"आवं आप्पा, ती कंपनीची हुती. मी नुसती धरली हुती."

"फौजदार खातोय काय ती?"

"फौजदार खातोय. मी न्हाई. मी त्या वक्ताला बाहेर पहाऱ्यावर हाय, बगा की, दिसतोय न्हवं?"

आप्पांनी पुन्हा पडद्याकडं बघितलं. फौजदार तंगडी चावत होता. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

मग तेल्याला लुबाडलं. तेली दु:खानं एक गाणं म्हणाला. कासाराला लुबाडलं. कासार आणि कासारीण मिळून म्हणाले. वऱ्हाड अडवलं, तेव्हा तर नवरा, नवरी आणि घोडा सोडून सगळ्यांनी म्हटलं.

"ह्यो फौजदार सापडनार कवा?" मागनं कुणीतरी ओरडलं.

"माझ्या नातवाच्या लग्नात!" दुसरा ओरडला.

"आमच्या इटलीत," जोतीराम म्हणाला, "डोंगर घ्यायला एवढा वेळ लागला न्हवता."

आणि गंमत म्हणजे नाथाजी हवालदार. नानासो दर दिव्याला धावत येऊन त्यांच्या तोंडाकडं बघत होते, की आता चिडतोय, मग चिडतोय. हवालदार रंगले होते. फौजदारानं लाच घेतली की मांडीवर थाप मारायचे. "हरामखोर! बघा कसा घेतोय! बघा बघा, टेबलाच्या खालनं!" आणि फुकटातला सोडा घटाघटा प्यायचे.

पाच वाजून गेले. नंतरच्या दिव्याला आप्पांनी खिशातनं घड्याळ काढलं.

"सुकुमार, किती राह्यलाय?"

"झालाच आप्पा. एक सावकार, मग नायकीन, मग कोर्ट."

"म्हंजी?"

"म्हंजी... सव्वा-दीड तास."

आप्पा उठले. टोपी नीट केली. ते उठले तसे समडोळीचे म्हातारे उठले, मग आणखी कुठकुठली जैन मंडळी उठली, पलीकडं बायका उठल्या. अर्धं थेटर उभं! बाकड्यांखालनं चपला शोधायला लागलं.

"आप्पा, दहा मिंटात जेवून आत या," सुकुमार म्हणाला.

"बाहेर गेला तो गेला," दारातनं नानासो ओरडले. "परत आत सोडनार न्हाई. एक जातोय आन् त्याच्या जाग्यावर तीन येत्यात. पुढच्या खेळाची गर्दी बघा जरा."

"मला परत यायचंच न्हाई," आप्पा म्हणाले. "काय बघायचं ते बघितलं. तू वाईट पोलीस. राह्यलेला तू बघ."

कोर्ट राहिलं होतं. सुकुमारचं सगळं कोर्टातच होतं. तो नानासोंच्या पाया पडायचा तेवढा राहिला. "थांबवा की वो जरा! हितंच जेवू द्या. अर्धा तास फक्त."

"अंधारात जेवताय व्हय तुमी? आन् हवालदार मधी बसलेत. त्यांचा पिक्चर मी थांबवू?"

"कोन थांबवतंय?" हवालदार मागं न वळताच गुरगुरले. "लावा म्होरं. सावकार येतोय."

दिवे गेले. सावकार आला. अंधारात आप्पा लोकांच्या पायांवरनं चाचपडत दाराकडं निघाले, मागं मंडळी. सुकुमार त्यांच्यामागं, आप्पा आप्पा करत.

आणि खाडकन् आवाज झाला.

बायकांच्या बाजूला भिंतीत एक मोठं दार होतं, सामान आत-बाहेर करायचं. त्याची आडवी कडी कुणीतरी ओढली आणि दोन्ही फळ्या उघडल्या. दार पश्चिमेला. सगळं उतरतीचं ऊन भसाभसा आत आलं. बाकड्यांवर आलं, टोप्यांवर आलं, बायकांच्या नाकातल्या नथांवर आलं, आणि नीट जाऊन पडद्यावर पडलं. पैशाची थैली उचलणारा फौजदार बघता बघता पांढरा होत गेला आणि विरघळला. आवाज तेवढा येत राहिला.

दारात त्रिशला उभी. हात अजून कडीवरच.

"आप्पा," ती मोठ्यानं बापाला म्हणाली, "उजेडातच जेवायचं हाय न्हवं? हा घ्या उजेड. आजून अर्धा तास ऊन हाय. मला कोर्ट बघायचंय."

ऑपरेटरनं वरच्या खिडकीतनं डोकं बाहेर काढलं, पडदा बघितला, आणि मशीन बंद केलं.

हवालदार उठले. त्यांची मंडळी पण उठली. "कुनी उघडलं दार? ए! कुनाच्या परवानगीनं?"

त्यांच्या समोर चंदनबाला जाऊन उभी राहिली. हातात दुरडी, खेळ सुरू झाल्यापासनं मांडीवर धरलेली. "हवालदारसाहेब, बसा. ताट न्हाई, पर भाकरीवर वाढते. घेवडा हाय, दही हाय. सासूबाईस्नी दात हायेत का? न्हाईतर दह्यात कुस्करून देते."

हवालदारांनी दुरडीकडं बघितलं. दुपारपासनं नुसत्या सोड्यावर होते. "घेवड्यात खोबरं घातलंय का?"

"घातलंय की."

बसले.

मग काय सांगायचं, थेटरात पंगतच पडली. जोतीरामनं गाडीतनं बाकीचं जेवण आणलं. दुसऱ्या गावच्या मंडळींनी आपापल्या दशम्या सोडल्या. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं ते पण बसले. सुकुमार वाढायला. सदऱ्याच्या बाह्या वर, एका हातात चटणी, एका हातात गूळ, पळतोय. "घ्या काका. आवं लाजू नका. आक्का, दही?" ऊन सरकत होतं तशी माणसं पण सरकत होती, भाकरी घेऊन उजेडाबरोबर. नानासो पहिल्यांदा डोकं धरून बसले. मग चंदनबालानं त्यांच्यापुढं भाकरी ठेवली आणि ते डोकं सोडून भाकरी धरून बसले.

त्रिशलाच्या समोर आल्यावर सुकुमार तिच्याकडंच बघत राहिला. गुळाचा खडा तिच्या भाकरीऐवजी आत्याच्या दह्यात पडला.

"कोंबडी चावली का वो?" त्रिशलानं खाली मान घालून हळूच विचारलं.

"दोनदा," तो म्हणाला. "हितं, अंगठ्याला."

"बरं झालं."

आणि अशी हसली, की सुकुमार गुळाचं भांडं तिथंच ठेवून पुढच्या माणसाला रिकामा हात वाढून आला.

शेवटचा पाण्याचा घोट घेऊन आप्पांनी हात जोडले, तेव्हा ऊन दाराच्या उंबऱ्यावर होतं. दार लावलं. पण आता नानासोंना दुसरंच सुचलं. "पुढच्या खेळाला उशीर झाला. एक रीळ गाळा," ते ऑपरेटरला ओरडले. "कोर्टाचं गाळा. शेवटी पकडल्याला दाखवला की झालं."

सुकुमार मटकन् खालीच बसला.

जोतीराम उठला. मिशी पुसली, जिना चढला आणि ऑपरेटरच्या खोलीच्या दारात पाय पसरून बसला. खाली ऐकू येईल असं म्हणाला, "दादा, एकबी रीळ गळायचं न्हाई. न्हाईतर मी तुला इटलीची गोष्ट सांगीन. पयल्यापासनं."

समडोळीचे लोक ओरडले, "नको, नको! बिचाऱ्याला बायकापोरं असतील!"

कोर्ट लागलं. मोठी खोली, जज्ज, पंखा ओढणारा माणूस, पिंजऱ्यात फौजदार. शिपायाला बोलावलं. सुकुमारला पडद्याकडं बघवेना, तो आप्पांच्या गुडघ्याकडं बघत होता. कानावर त्याचाच आवाज येत होता. कंपनीत तो केवढा मोठा वाटला होता, इथं आपला घोगरा, घाबरलेला, समडोळीचाच.

"व्हय सरकार. ह्यांनी सांगितलं म्हणून आनलं. म्हातारीची कोंबडी आनली, तेल्याचं तेल आनलं. ह्यांच्या भ्यानं आनलं. आता भीत न्हाई. ह्यो घ्या माझा पट्टा."

पट्टा टेबलावर आपटला. थेटर फुटलं! शिट्ट्या, टोप्या, फेटे, कुणीतरी गुलालच उधळला, तो कशाला आणला होता देव जाणे. नाथाजी हवालदार खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते. "शाबास रं पोरा! शाबास!"

दिवे लागले. सुकुमारनं भीतभीत वर बघितलं. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि सर्दीच झालीय असं दाखवायला दोनदा खाकरले.

बाहेर आले तेव्हा गाड्यांना कंदील लागले होते. हवालदार नानासोंच्या खांद्यावर हात टाकून सांगत होते, "लय चांगला पिक्चर. असली मानसं हुती बगा, म्हणून खातं बदनाम झालं." काखेत पोरांसाठी बांधून घेतलेल्या चार भाकरी. "उद्या साडूला घेऊन येतो. मधल्या खुर्च्या ठेवा."

नानासो हसावं का रडावं अशा तोंडानं म्हणाले, "या की."

जयपाल आप्पा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे. मंडळी भोवतीनं गोळा झाली. आता सांगणार.

"सुकुमार, एकच इचारतो. कंपनीनं परत बोलावलं तर जानार?"

आप्पांच्या मागं चंदनबाला जोरजोरात मान हलवत होती. नाही म्हण, नाही म्हण. जोतीराम पण तोंडावर बोट ठेवून खुणा करत होता. सुकुमारला सगळं दिसत होतं. एक शब्द म्हटला की काम फत्ते.

"जानार," तो म्हणाला. "तुमाला खोटं कशाला सांगू आप्पा. मला त्यात लय मजा आली."

चंदनबालानं चाकावर डोकं टेकलं.

आप्पांनी मागच्या गाडीकडं बघितलं. आत्यानं पदर ओढून गप्प बसवायला बघितलं तरी त्रिशला गाडीतनं अर्धी बाहेर आलेली, दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती.

"ही बघा," आप्पा म्हणाले. "हिला इचारायची सोयच राह्यली न्हाई." आणि ते पण हसायला लागले. त्यांना हसताना समडोळीतल्या कुणीच कधी बघितलं नव्हतं. पोट धरून, वाकून, बैल दचकेपर्यंत हसले. "जा बाबा, कर पिक्चर. पर लगीन मातूर सकाळच्या पयल्या मुहूर्तावर धरनार. तुझा भरोसा न्हाई, गाणी घालून घालून संध्याकाळ करशील, आन् वऱ्हाड उपाशी निजंल माझं."